उंटावरच्या चपला

दुबईतले चार दिवस श्यामलाबाईंनी अगदी लुटले. बाहेर भाजून काढणारं ऊन आणि मॉलमध्ये बर्फाची टेकडी! साडीवर भाड्याचा कोट चढवून त्या सुनेला म्हणाल्या, "सुनेत्रा, हात लाव गं, बर्फ खरा आहे!" सुनेत्राने हात लावला. खराच होता. वाळवंटात उंट उठला तेव्हा सासूबाईंनी गणपतीला नवस बोलला आणि उतरल्यावर पुन्हा बसू का म्हणून विचारलं.

शेवटच्या दिवशी बाजारात कोवळा कढीपत्ता पाहून त्यांनी निकाल देऊन टाकला. "गुरुदत्ता, इथली नोकरी घेच तू. तीन तासांत भारत. तुमचं ऑकलंड म्हणजे पृथ्वीचं टोक!"

गुरुदत्तला सोमवारी दुबईच्या कंपनीला उत्तर द्यायचं होतं. "आई आता कायमची आपल्याकडे राहणार," तो म्हणाला होता, "तिला जिथे करमेल तिथे राहू." सुनेत्राला ऑकलंडमधल्या पेनरोजची आपली लॅब सोडायची नव्हती. पण बर्फात हरखलेल्या सासूबाई पाहिल्यावर तिला बोलवेना.

ऑकलंडला उतरण्याआधी ती विमानात न्यूझीलंडमध्ये शिरताना द्यायचं कार्ड भरू लागली. जनावरांशी संपर्क आला होता का?

"नाही लिही," गुरुदत्त कुजबुजला. "उंट काय जनावर आहे?"

"मग काय आहे?"

"टुरिझम!"

सुनेत्राने 'हो'वर खूण केली. खोटं लिहिणं तिला जमतच नसे.

व्हायचं तेच झालं. विमानतळावर तिघांना बाजूला घेतलं. पांढऱ्या केसांच्या एका माओरी अधिकारी बाई "किया ओरा, आँटी" असा त्यांच्या भाषेत नमस्कार करून म्हणाल्या आणि त्यांनी चपला मागितल्या. श्यामलाबाई सुनेकडे वळल्या. "परत पाठवतात की काय गं?" देवळाबाहेर काढाव्यात तशा त्यांनी चपला काढल्या आणि चक्क हात जोडले.

"तू आणि तुझा खरेपणा!" गुरुदत्त पुटपुटला. सुनेत्राचा चेहरा उतरला. आता सासूबाई कसल्या ऑकलंडला हो म्हणतात!

थोड्या वेळाने त्या बाई चपला घेऊन परतल्या. तळ घासून धुतलेले, पट्टे कोरडे पुसलेले. खाली वाकून त्यांनी चपला श्यामलाबाईंच्या पायांशी ठेवल्या.

"अगं बाई, हिने धुतल्या? उंटाच्या शेणाच्या?" श्यामलाबाई कानकोंड्या झाल्या. "सांग तिला, मी धुतल्या असत्या म्हणावं."

सुनेत्राने सांगितलं. बाई हसल्या. "बाहेरचे रोग येऊ नयेत, आमची जमीन जपायची म्हणून धुतो, आँटी. आता तुमचीसुद्धा."

हे मराठीत ऐकल्यावर श्यामलाबाईंनी त्या बाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मागे रांग खोळंबली.

गाडीत बसल्यावर गुरुदत्तने विचारलं, "आई, सोमवारी काय कळवू?"

"तुला जायचं तर जा बाबा. सुट्टीत येऊ आम्ही, उंटावर बसायला." त्यांनी सुनेत्राच्या हातावर थोपटलं. "आम्ही दोघी इथेच बऱ्या. आणि हे बघ, परसात कढीपत्ता लावता येतो का ते आधी त्या बाईंना विचारून घे हं. उगाच चोरून नको."