तिसगाव स्टँडवरचा उजेड

मी एका जुन्या गाडीची डावी हेडलाईट बोलतेय. लोक मला काच म्हणतात. म्हणू देत बापडे! आहे मी साधं प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिकला ऊन सोसत नाही. त्यात वैजनाथअण्णांच्या वस्तीवर छप्पर आहे ते गाईंना. गाडी आपली बाराही महिने उघड्यावर.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवतं ते गाडी घरी आली त्या दिवशी अण्णांच्या बायकोनं, गोजरबाईंनी, मला लावलेलं हळदकुंकू. घरच्या माणसासारखं वाटलं होतं तेव्हा.

माझं खरं काम शनिवारचं. अण्णांची लेक संस्कृती नगरला दवाखान्यात नोकरीला. शनिवारी दिवेलागणीला ती एसटीनं तिसगावला यायची आणि अण्णा तिला आणायला जायचे. गाडी स्टँडकडे वळली की माझा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडायचा. ती डोळ्यांवर हात धरून हसायची. आठवडाभर मी त्या हसण्याची वाट बघायचे.

पुढे उन्हानं मी पिवळी पडले. करण मेकॅनिकनं पाणी मारत बारीक पॉलिशपेपरनं मला घासलं, पॉलिश केलं, वरून ऊन अडवणाऱ्या लॅकरचा हात दिला. नव्यासारखी झाले की मी! आता घासायचं नाही, नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं, असं त्यानं अण्णांना बजावलं.

पण अण्णांना तरीही सगळं धुरकट दिसायचं. तो धूर माझ्यावर नव्हताच. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि हा माणूस कबूल करायला तयार नाही. नजर गेली म्हटलं की चावी हातातून जाणार, गाडी बंद झाली की लेकीचं येणं बंद होणार, ही त्यांची धास्ती. मग सगळा राग माझ्यावर! दर शनिवारी दुपारी दातांची पेस्ट घेऊन मला चोळत बसायचे. पेस्टनं भागेना तेव्हा पेपर आणला, तोही चांगला जाडाभरडा. लॅकर गेलं, अंगभर चरे पडले. घरात पेस्ट उरत नाही म्हणून गोजरबाई कुरकुरायच्या, पण अण्णांचा हात काही थांबायचा नाही. अहो, माझ्यात काही खोट नाही, असं ओरडून सांगावंसं वाटायचं.

एका शनिवारी एसटी लवकर आली, म्हणून संस्कृती रस्त्यानं चालत निघाली. समोरून आम्ही आलो. चरे पडले असले तरी माझा उजेड नेमका तिच्यावर पडला. तिनं हात केला. आणि अण्णा तिच्या शेजारून गाडी घेऊन पुढे निघून गेले! स्टँडवर जाऊन तिची वाट बघत बसले.

ती धापा टाकत माघारी आली, दार उघडून शेजारी बसली.

"अण्णा, मी उजेडात उभी होते."

"ही लाईटच लई खराब झालीय गं. कितीबी घासली तरी..."

"आत्ता माझा चेहरा दिसतोय का तुम्हाला?"

अण्णांनी गाडीची चावी काढून तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "न्हाई गं. लई दिस झाले, न्हाई दिसत. तू यायची थांबशील म्हनून बोललो न्हाई."

त्या दिवशी गाडी संस्कृतीनं चालवत आणली. महिन्याभरात तिनंच पुढाकार घेऊन ऑपरेशन करवून आणलं. डोळे बरे झाल्यावर अण्णा एकदा माझ्यासमोर उकिडवे बसले. चऱ्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "काय हाल केले गं मी तुझे." लेकीला म्हणावं तसं 'गं' म्हणाले मला. माझा सगळा रुसवा तिथंच गेला.

करणनं हात टेकले. चरे खोल गेले होते, आता बदलण्यावाचून इलाज नव्हता. तेव्हापासून मी गोठ्यातल्या फळीवर पडून आहे.

शनिवारी संध्याकाळी गाडी निघाल्याचा आवाज येतो आणि जीव कासावीस होतो. परतल्यावर अण्णा गोजरबाईंना कौतुकानं सांगतात, पोरगी एसटीच्या पायरीवर असतानाच ओळखली. ऐकून बरं वाटतं, खरंच वाटतं. त्यांना दिसत नव्हतं तेव्हा तिचा चेहरा त्यांच्या वाटचाही मीच बघत होते. आता त्यांना दिसतो, आणि मला नाही.

अण्णा, एकदा मला शेजारच्या सीटवर ठेवून स्टँडवर न्याल का? उजेड नव्या हेडलाईटचाच असू द्या. मला फक्त ती उतरताना बघायचीय.