उजव्या काठावरची बावीस प्रकरणं

सकाळी मिस्त्रींनी मॉनिटरचं बटण दाबलं, स्क्रीन उजळली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

स्क्रीनचा उजवा काठ रिकामा होता. काल संध्याकाळपर्यंत तिथे वरपासून खालपर्यंत फाइली लागलेल्या होत्या. आज सगळ्या फाइली डाव्या बाजूला गर्दी करून एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. अक्षरं फुगून दुप्पट झाली होती आणि सगळंच आडवं ताणल्यासारखं दिसत होतं.

"कोणी हात लावला याला?"

"कशाला, बाबा?" लेक स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आईच्या कॉम्प्युटरला!"

ती हात पुसत आली आणि उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली. "मी कशाला लावू? मला या खोलीत पाऊल टाकवत नाही, माहीत आहे तुम्हाला."

"मग काय फाइलींना पाय फुटले? घरात माणसं दोन. मी लावला नाही. राहिलं कोण?"

लेक तशीच परत गेली. थोड्या वेळाने भांडी जरा जास्तच जोरात वाजायला लागली.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. सदतीस वर्षं त्यांनी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, निवृत्त झाले तरी नाव चिकटलेलंच राहिलं. बायको घरी बसून एका छापखान्यासाठी पुस्तकांची पानं लावायची. अक्षरजुळणी, चित्रं बसवणं, दुरुस्त्या, सगळं एकटी करायची. तिला जाऊन सव्वीस दिवस झाले होते. हातातलं शेवटचं पुस्तक भूमितीचं होतं. एका निवृत्त शिक्षिकेने, ज्यांना घरात सगळे भूमितीच्या बाई म्हणत, भूमितीला घाबरणाऱ्या मुलांसाठी ते लिहिलं होतं. बावीस प्रकरणं. त्या पुस्तकावर तिने दीड वर्ष घालवलं होतं.

तिची कामाची तऱ्हा जगावेगळी होती. दुरुस्ती आली की ती जुनी फाइल तशीच ठेवायची आणि नवी प्रत काढायची. नावं द्यायची ती अशी: 'सतरा', 'सतरा नवा', 'सतरा खरा', 'सतरा खरा दोन'. त्यातला खरा कोणता हे नावावरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. तिला कळायचं, कारण ती जागेवरून ओळखायची. अर्धवट काम मधोमध, बाद झालेलं डावीकडे आणि छापायला तयार झालेलं उजव्या काठाला. छापखान्यातले लोक हसायचे. ती म्हणायची, "मी स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या लावते का?"

दवाखान्यात जाताना तिने मिस्त्रींना एवढंच बजावलं होतं, "उजव्या काठाला आहेत त्याच बावीस फाइली द्यायच्या. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

आणि आता उजवा काठच नव्हता.

दहा वाजता छापखान्याच्या मालकांचा फोन आला. ते सोमवारी फाइली न्यायला येणार होते. मिस्त्रींनी झाला प्रकार सांगितला.

"हात्तिच्या! एवढंच ना?" मालक म्हणाले. "ज्या फाइलीची तारीख सगळ्यात नवी, ती शेवटची. त्यात काय!"

काल दिवसभर आपण काय केलं होतं ते मिस्त्रींना आठवलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा कॉम्प्युटर लावून ते तिच्या फाइली एकेक करून बघत बसले होते. वाचत नव्हते, नुसते बघत होते. फाइल बंद करताना मशीन दर वेळी विचारायचं, जतन करायचं का? आणि ते दर वेळी हो म्हणायचे. तिचं काम जतन करायचं का असं कोणी विचारलं तर माणूस नाही कसं म्हणेल? झालं. नव्वदच्या नव्वद फाइलींवर कालचीच तारीख पडली होती.

"तारखा गेल्या," ते म्हणाले.

"गेल्या? बरं, असू द्या. बाईंचं हस्तलिखित आहे आमच्याकडे. आमचा ऑपरेटर पहिल्यापासून लावून देईल. जुळणीत नाव त्याचं टाकू, आणि ताईंचं 'सहाय्य' म्हणून घालू की. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

"सहाय्य?" मिस्त्रींचा आवाज चढला. "दीड वर्ष तिने डोळे फोडले त्या आकृत्यांवर. एकेक रेघ तिची आहे. आणि सहाय्य म्हणजे काय, तिने त्याला पाणी आणून दिलं?"

"अहो, तसं नाही..."

"सोमवारी या. फाइली मिळतील."

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण शब्द तर देऊन बसलो.

मॉनिटरच्या डब्यावर मदतीचा नंबर होता. तो लागायला चाळीस मिनिटं गेली. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "सर, मॉनिटर एकदा बंद करून परत चालू करून बघता का?"

"अहो, बंद करून चालू केल्यावरच तर हे झालंय!"

"हो सर. तरी एकदा करून बघा."

"म्हणजे विषाने आजारी पडलेल्याला अजून एक चमचा विष द्यायचं?"

"आपल्याला अजून काही मदत हवी आहे का, सर?"

दुपारी कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुकानवाला आला. त्याने खुर्चीत न बसताच दोन ठिकाणी टिचकी मारली आणि अक्षरं पूर्वीसारखी बारीक झाली. फाइली मात्र डावीकडे होत्या तशाच राहिल्या.

"रिझोल्यूशन उतरलं होतं, काका. स्क्रीन लहान आहे असं मशीनला वाटलं, म्हणून त्याने सगळं लहान जागेत कोंबलं."

"का वाटलं?"

"होतं असं."

"का होतं?"

"जुनं झालंय. नवीन घेऊन टाका. नाहीतर फॉरमॅट मारून देतो, एकदम स्वच्छ होईल."

मिस्त्रींनी त्याला दरवाजा दाखवला. "सदतीस वर्षांत मी कोणाला 'होतं असं' म्हणून जिना चढायला लावलं नाही," ते लेकीला म्हणाले. लेक सकाळपासून बोलत नव्हती, पण तिला हसू आवरलं नाही.

मग त्यांनी वही काढली. लिफ्ट बिघडली की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची, ही त्यांची पद्धत. कचऱ्याच्या टोपलीचं चित्र त्यांनी ओढून उजव्या कोपऱ्यात नेलं. ते जागेवर राहतं की उडी मारतं, हे बघायचं. कॉम्प्युटर रीतसर बंद करून परत लावला: टोपली जागेवर. मॉनिटर आपोआप झोपेपर्यंत अर्धा तास वाट पाहिली आणि माउस हलवून उठवला: टोपली जागेवर. मग मॉनिटरचं बटण दाबलं, पाचपर्यंत मोजलं, परत दाबलं. टोपली डावीकडे, अक्षरं फुगलेली.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

त्यांनी टेबल ओढलं आणि बॅटरी घेऊन मागे वाकले. मॉनिटरला कॉम्प्युटरकडून एक चपटी केबल आली होती. शेजारी एक निळ्या तोंडाची, दोन स्क्रूंची खाच रिकामी होती. त्या खाचेची जुनी केबल कपाटाखालच्या खोक्यात सापडली. ती लावून बटण दाबलं. टोपली हलली नाही. चारदा केलं, चारदा जागेवर.

म्हणजे असं होतं. जुन्या केबलला मॉनिटर जागा आहे की बंद, याचं सोयरसुतक नव्हतं. नवी केबल चोंबडी. बटण बंद केलं की ती जाऊन सांगायची, मॉनिटर गेला. आणि कॉम्प्युटरही असा उतावळा की गेला म्हटल्याबरोबर सगळं घर आवरायला घ्यायचा.

"दाराचा संपर्क तुटला तर लिफ्टलाही वाटतं की दार उघडं आहे," ते लेकीला सांगू लागले. "पण ती काय करते? जागच्या जागी उभी राहते. आतल्या माणसांना उचलून दुसऱ्या मजल्यावर नेऊन टाकत नाही. ही कुठली अक्कल? पाच मिनिटं कोणी दिसलं नाही की लगेच त्याच्या वस्तू हलवायच्या? थांबायचं नाही? विचारायचं नाही?"

लेक उंबऱ्यातच उभी होती. "बाबा," ती हळूच म्हणाली, "आई ते बटण कधीच बंद करत नव्हती."

"माहीत आहे. रोज भांडायचो मी त्यावरून. रात्रभर तो लाल दिवा लागलेला असायचा."

"मग काल बंद कोणी केलं?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. जेवायला हाक आली तेव्हा त्यांनी उठता उठता ते बटण दाबलं होतं. घरातलं प्रत्येक बटण ते दाबतात तसंच. कॉम्प्युटर तसाच चालू ठेवला, कारण तो बंद केला तर काही पुसलं जाईल अशी भीती होती. आणि मॉनिटर तेवढा नेमका बंद केला.

"सकाळी तुला बोललो," ते म्हणाले, "ते माझं चुकलं."

"असू दे."

"असू दे काय? चुकलं म्हणजे चुकलं."

लेक आत आली. सव्वीस दिवसांत पहिल्यांदा. तिने आईची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "भूमितीच्या बाईंना फोन लावू का? त्यांच्याकडे पेन्सिलीने तपासलेली पानं असतील."

बाई शनिवारी सकाळी आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत दीड वर्षाची तपासलेली पानं. वय ऐंशीच्या घरात असेल, पण आवाज वर्गातलाच. "मिस्त्री, तुम्ही उघडा, मी सांगते. आणि कृपा करून मशीनने काही विचारलं तर नाही म्हणा."

दोन दिवस तिघं बसली. लेक फाइल उघडायची, बाई कागदाशी ताडून पाहायच्या, मिस्त्री वहीत खूण करायचे. "इथे मी त्रिकोणाचं टोक बदलायला लावलं होतं. बदललंय. ही प्रत घ्या." "छे, ही बाद. हिच्यात वर्तुळ अजून अंडाकृती आहे." बारा सुटली, पंधरा सुटली, रविवारी दुपारपर्यंत एकवीस सुटली.

घोडं अडलं सतराव्यापाशी. शेवटच्या दोन प्रतींतला मजकूर शब्दन् शब्द सारखा. एकीत आकृती सिद्धतेच्या पानावरच, पण जागा कमी म्हणून थोडी लहान केलेली. दुसरीत आकृती ऐसपैस मोठी, पण पान उलटल्यावर.

"याबद्दल आमचं फोनवरच बोलणं झालं होतं," बाई म्हणाल्या. "मी तिला म्हटलं, तुला योग्य वाटेल तसं कर. काय केलं ते सांगायच्या आधीच ती... कुठलीही घ्या, मिस्त्री. दोन्ही बरोबर आहेत."

"कुठलीही कशी? तिने एकच उजवीकडे ठेवली होती!"

"हो, पण आता..."

"आता काय, बाई? आता ती नाही म्हणून कुठलीही चालेल?" मिस्त्री उठून उभे राहिले. मग त्यांचा राग अचानक तिसरीकडेच वळला. "आणि तुला काय झालं होतं गं नीट नाव द्यायला? 'खरा', 'खरा दोन'! लिहायचंस ना, हे शेवटचं म्हणून! सगळं तुझ्या डोक्यात. आणि आम्ही?"

ते रिकाम्या भिंतीशी बोलत होते. बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

थोड्या वेळाने मिस्त्री परत बसले. "शाळेत मला भूमिती कधी कळली नाही," ते म्हणाले. "हे पुस्तक माझ्यासारख्यासाठीच आहे ना? मग मी वाचतो. दोन्ही वाचतो."

त्यांनी आधी दुसरी प्रत वाचली. बोट ठेवून, ओठ हलवत. चौथ्या ओळीला आकृती बघायला पुढचं पान काढलं, परत मागे आले, तर ओळ हरवली. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळेला त्यांनी सोडून दिलं. मग पहिली प्रत घेतली. डोळा ओळीवरून आकृतीवर जायचा आणि परत ओळीवर यायचा. अशी वीस मिनिटं गेली.

"म्हणजे हे दोन कोन सारखे," ते अखेर म्हणाले, "आणि म्हणून या दोन बाजू सारख्या असल्याच पाहिजेत. दुसरा इलाजच नाही."

"शाबास," बाई म्हणाल्या.

"ही घ्या. लहान आकृतीची."

सोमवारी मालक आले. बावीस फाइली त्यांनी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या, दोन-तीन उघडून बघितल्या आणि मान डोलावली. "काम चोख आहे. पण मिस्त्री, खात्री आहे ना? नंतर माझ्या गळ्यात नको."

"एकवीस तिची आहेत, बाईंनी कागदाशी ताडून दिलीत. सतरावं मी निवडलंय. तिने कदाचित दुसरी ठेवली असेल, मला माहीत नाही. ते चुकलं तर दोष माझा."

"ठीक. मग छपाईला लावतो." मालकांनी पेन ड्राइव्हकडे हात केला. मिस्त्रींनी तो मुठीत धरला होता.

"जुळणीत नाव कोणाचं?"

"ताईंचं. आता प्रश्नच नाही."

"सहाय्य?"

"नाही हो. जुळणी."

"लिहून द्या."

"मिस्त्री, वीस वर्षांची ओळख आपली."

"म्हणूनच लिहून मागतोय. ओळख नसती तर फाइलीच दिल्या नसत्या."

मालकांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने त्यांच्यापुढे कागद आणि पेन सरकवलं. मालकांनी जरा नाक मुरडलं, मग खाली वाकून लिहिलं: अक्षरजुळणी, आकृत्या व मांडणी. त्यापुढे तिचं पूर्ण नाव. खाली सही केली.

मिस्त्रींनी कागद हातात घेतला आणि बोट ठेवून, ओठ हलवत दोनदा वाचला. मग मूठ उघडली.