हनुवटीचं परमिट

आनंदरावांच्या घराण्यात हनुवटी जवळजवळ नव्हतीच. ओठ संपला की थोड्या उतारानंतर गळाच सुरू व्हायचा. त्यांच्या आईची तशीच, त्यांची तशीच, आणि मेघा जन्मली तेव्हा सिंधूताईंनी बाळाचं तोंड पाहून नवऱ्याला म्हटलं होतं, "घ्या, तुमचाच छापा." तेव्हा आनंदरावांची छाती फुगली होती. आता ते बोलणं आठवलं की त्यांना अपराध्यासारखं वाटायचं.

कोराडीच्या वीज केंद्रात त्यांनी बत्तीस वर्षं नोकरी केली. रात्रपाळी करून सकाळी क्वार्टरवर आले, की झोपलेल्या मेघाच्या हनुवटीवर आपली खुंट वाढलेली हनुवटी घासायची, हा त्यांचा पोरीला उठवायचा प्रकार. "टोचते बाबा, टोचते," करत पोर ताडकन उठायची आणि शाळेच्या तयारीला लागायची. सगळ्याच मुलींना बाप असंच उठवतात, अशी तिची तिसरीपर्यंत समजूत होती.

आता ती सत्तावीस वर्षांची होती आणि मानकापूरच्या घरात, आतल्या खोलीत बसून, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना ऑनलाइन गणित शिकवायची. ह्या कामात एक वाईट असतं. समोर पोरं दिसत नाहीत, दिसतो तो आपलाच चेहरा, रोज सहा-सहा तास. त्यात एका दिवट्याने वर्ग चालू असताना लिहिलं, "मॅडमची हनुवटी अजून लोड होऊन राहिली." त्यावर सत्तर जणांनी हसरी तोंडं टाकली. मेघाने तास पूर्ण केला. बाहेर येऊन तिने हा किस्सा आईबापाला हसत हसत सांगितला, आणि सांगता सांगता तिचा बांध फुटला.

आनंदरावांनी समजूत काढायला जाऊन घोळ केला. "माह्यी बी तशीच हाय ना वं. माह्यं काय अडलं?"

"तुम्हाले कोणी झूम करून नाही पाहत बाबा," मेघा म्हणाली.

चेहरा तिचा, कमाई तिची, निर्णयही तिचाच. महिनाभराने ती बापाला घेऊन धंतोलीतल्या एका दवाखान्यात गेली. डॉक्टर केयूर तरुण होते, पण घाईचे नव्हते. त्यांनी कागदावर जबडा काढून दाखवला. खालच्या ओठाच्या आतून चीर द्यायची, हनुवटीचं हाड कापून सहा मिलिमीटर पुढे सरकवायचं आणि स्क्रूने बसवायचं. बाहेर व्रण दिसणार नाही. सूज मात्र भरपूर येईल, तोंड काळंनिळं होईल, दोन आठवडे पातळच खायचं, खरा आकार तीन महिन्यांनी कळेल. ओठ आणि हनुवटी काही आठवडे बधिर राहतील. "बाकी सगळं फॉर्ममध्ये सविस्तर आहे," ते म्हणाले. "घरी नेऊन नीट वाचा, आणि शंका असेल तर बिनधास्त विचारा."

फॉर्म मराठीत होता, तीन पानी. घरात आलेला कोणताही कागद आधी आनंदराव वाचत, हा शिरस्ताच होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मेघाने तो त्यांच्या हातात दिला.

"तुम्ही वाचा बाबा. मी वाचलं तर माही हिंमत जाईन. काही भलतं असंन तं तेवढं सांगा. मंग मी नाही करत."

आनंदराव दिवाणावर बसले, चष्मा लावला आणि सवयीने खिशातलं लाल बॉलपेन काढलं. आता ह्या सवयीबद्दल सांगायलाच हवं. वीज केंद्रात कोणत्याही मशीनला हात लावायच्या आधी परमिट काढावं लागतं, आणि ती परमिटं देणं हेच आनंदरावांचं काम होतं. मशीन बंद आहे का, वाफ तोडली आहे का, कुलूप लागलं आहे का, हे ते स्वतः जाऊन बघत. त्यात कधी कसूर नाही. पण परमिटच्या खाली धोक्यांची एक छापील यादी असायची. भाजणे, घसरणे, विजेचा धक्का, गुदमरणे, मृत्यू. पंप बदलायचा असो की दिवा, यादी तीच. कामगारासमोर एकेका धोक्यावर टिक करायची आणि सही ठोकायची. अशी हजारो परमिटं त्यांनी दिली आणि त्यांच्या सहीखाली गेलेला प्रत्येक माणूस संध्याकाळी धडधाकट घरी गेला. आनंदराव कामात चोख होते, म्हणून गेला. पण बत्तीस वर्षांत आनंदरावांच्या मनाने एक भलतीच गोष्ट पक्की धरली होती, की कागदावर मृत्यू लिहावा लागतो, तो येत नसतो.

तीच लांब शेपटीची लाल टिक ते आता फॉर्मवर करत गेले. रक्तस्राव, टिक. जंतुसंसर्ग, टिक. स्क्रू सैल होणे, टिक. पुढची ओळ होती, 'खालचा ओठ व हनुवटी यांची संवेदना तात्पुरती अथवा कायमची जाणे.' इथे पेन थांबलं. 'कायमची' ह्या शब्दावर त्यांचा जीव क्षणभर अडकला. हे पोरीला सांगायला हवं, असं त्यांना वाटलं. आणि लगेच हेही वाटलं, की आता सांगितलं तर ती म्हणेल, बाबाले हे ऑपरेशन होऊच द्यायचं नव्हतं, आपला छापा वाचवून राहिले. शिवाय ते तर काय, सगळंच लिहावं लागतं. त्यांनी टिक केली.

"काही भलतं?" दारातून मेघाने विचारलं.

"नाही वं. नेहमीचंच हाय सगळं."

मेघाने सही केली. खाली नातेवाइकाच्या जागी आनंदरावांनी केली.

ऑपरेशन दोन तास चाललं. वीज केंद्रात परमिट देणाऱ्याला काम थांबवता यायचं, नुसता हात वर केला की भलीमोठी मशीनही थांबायची. इथे काचेच्या दारापलीकडे त्यांच्या पोरीचं हाड कापणं चालू होतं आणि त्यांच्या हातात तिची चप्पल असलेली पिशवी होती. मध्येच ते उठून दाराजवळ गेले. "काका, बसून घ्या ना," तिथली सिस्टर म्हणाली. ते बसले.

पुढचं सगळं डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं. तोंड भोपळ्याएवढं सुजलं, निळं पडलं, मग पिवळं. सिंधूताई डाळीचं पाणी आणि अंबील गाळून गाळून देत. दीड महिन्याने सूज ओसरली आणि खरंच हनुवटी वर आली. खोटं कशाला बोला, पोर छान दिसत होती. आनंदरावांनाही ते दिसत होतं. आपल्या घरातलं कोणी ह्या चेहऱ्यात राहिलं नाही, ह्याचं थोडं वाईट वाटून त्यांनी ते गिळून टाकलं.

पण बधिरपणा हलेना. आनंदरावांनी जुन्या डायरीची लॉगबुक केली. रोज सकाळी मेघा डोळे मिटून बसायची, ते कापसाचा बोळा फिरवायचे आणि लिहायचे. डावीकडे नाही. उजवीकडे नाही. ओठ नाही. चहा ओठातून ओघळून ओढणीवर पडला की तो पडल्यावरच तिला कळायचा. मोठ्या हौसेने तिने कॅमेरा लावून पहिला तास घेतला. पोरांनी लाल बदामांचा पाऊस पाडला. मग कोणीतरी लिहिलं, मॅडम, हनुवटीवर भात आहे. तासभर होता तो. त्या दिवसापासून ती कॅमेरा बंद ठेवून शिकवू लागली, रुमाल मांडीवर घेऊन.

पाचव्या महिन्यात डॉक्टर केयूरांनी आधी कापूस, मग सुई लावून पाहिली. त्यांचा चेहरा उतरला होता. "अजून वाट पाहू," ते म्हणाले. "वर्षभरातही परत येते कधी कधी. पण नाही आली, तर ती कायमची असू शकते. तशी कल्पना फॉर्ममध्ये दिली होती." त्यांनी फाइल उघडून पान समोर ठेवलं.

मेघाने ती ओळ वाचली. मग ओळीपुढची लाल टिक पाहिली, लांब शेपटीची. लहानपणी तिच्या प्रत्येक बरोबर गणिताला तीच टिक मिळायची. आनंदरावांना जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

घरी येऊन ती पाणी प्यायली, ओठ पुसला, आणि मग म्हणाली, "वाचलं होतं तुम्ही?"

"वाचलं होतं."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"मले वाटलं, लिहावंच लागते त्यायले," आनंदराव म्हणाले. पोरीने ओरडावं, ताट आपटावं, काहीतरी करावं असं त्यांना फार वाटत होतं. ती आत जाऊन तासाला बसली.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही आणि सकाळी दाढी करायला हात उठला नाही. ते दिवाणावर तसेच बसून होते. सिंधूताई बुद्धविहारात गेल्या होत्या. मेघा आली आणि रोजच्यासारखी त्यांच्यासमोर बसली. त्यांनी कापसाची डबी घेतली, तर तिने ती त्यांच्या हातातून काढून बाजूला ठेवली.

"कापसानं नाही," ती म्हणाली. "तुम्ही पहिले उठवायचे तसं करा."

आनंदरावांना कळायला वेळ लागला. मेघाने डोळे मिटले आणि चेहरा पुढे केला. ते वाकले आणि आपली खुंटांची हनुवटी त्यांनी तिच्या नव्या हनुवटीवर टेकवली. हळूच घासली, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. तिची कातडी लाल व्हायला लागली होती. ती श्वास धरून वाट पाहत होती.

"घासा ना बाबा," थोड्या वेळाने ती म्हणाली. "काहून थांबले?"

आनंदराव थांबले नव्हते.