हार म्हशीला, चुना मला

मी एक जुना निळा ड्रम आहे. अर्धापूरला किशनरावांच्या गोठ्यामागे राहतो. मित्रांनो, परवा माझ्या कामाबद्दल म्हशीला हार घातला. असो. तसं मला काही वाईट वाटलेलं नाही.

लहानपणी मी लग्नात पाणी भरायचो. मग नांदेडच्या कॉलेजातून सुट्टीला आलेल्या त्यांच्या मुलाने, सुदर्शनने, माझ्यात चुन्याचं पाणी ओतलं आणि गोबरगॅसची नळी थेट तळाशी सोडली. गॅस बुडबुडत वर येतो. त्यातला जळायला कुचकामी कार्बन डायऑक्साइड चुना धरून ठेवतो. चांगला गॅस शेगडीला जातो आणि चुन्याचा हळूहळू खडू होतो. जाताना सुदर्शन वडिलांना म्हणाला, "दादा, चुना संपला की बदला."

पण मित्रांनो, चुनाही पांढरा आणि खडूही पांढराच! किशनराव झाकण उघडून डोकावायचे. "पांढरं हाय की अजून. संपतंय कशाला?"

माझा चुना कधीच संपला होता. शेगडी मिणमिणू लागली. तेल तापेना, किशनरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे केळीचे वेफर्स मऊ पडू लागले. शिवरात्रीच्या उपवासाला नांदेडच्या दुकानात माल द्यायचा होता. दुकानदाराने बजावलं होतं, "मऊ निघाले तर पुन्हा येऊ नका."

किशनरावांनी शेगडी बदलली. मग म्हशीवर संशय घेऊन तिला सरकी चारली. म्हैस खूश. माझ्याकडे कोणी बघेना. कहर म्हणजे तंबाखूला लागणारा चुनाही ते माझ्यातूनच काढायचे!

एकदा ते वैतागून थुंकले. "तंबाखूबी भेसळीची यायलीय. लागंनाच."

लक्ष्मीबाईंचा झारा थांबला. "चुना कुठला घेतलाव?"

"ड्रमातला. घरचा हाय."

"अहो, तंबाखू लागंना, शेगडी पेटंना, अन् दोन्हीकडं चुना एकच! उगं म्हशीला कशाला दोष द्यायलाव?"

त्यांनी स्वतः मला उकिरड्यावर पालथा केला आणि ताजा चुना कालवला. ज्योत निळी झाली. वेफर्स दाताखाली कुरकुरले. दुकानदाराने पुढचाही माल सांगितला.

किशनराव हार घेऊन आले. तो माझ्या झाकणावर ठेवला. मी बुडबुडे रोखले. त्यांनी टोपी नीट केली, हार परत उचलला आणि म्हशीला घातला. "सरकी लागू पडली बघ!"

म्हशीने हार खाल्ला.

सबब विनंती की, यापुढे चुना रंग न पाहता वेळच्या वेळी बदलावा. तसेच सदर हार शेण व गॅस या मार्गाने माझ्याकडे वर्ग होत असल्याने, तो पोचताच किशनरावांनी उभे राहून टाळ्या वाजवाव्यात आणि सत्कार मूळचा माझाच होता, असे म्हशीकडून लेखी घ्यावे.