बापाने मागितलेली माफी

ललिता इंजिनियरिंग कॉलेज सोडून घरी आली त्याला सात-आठ महिने होऊन गेले होते, आणि तेवढ्या दिवसांत भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या त्या क्वार्टरात रात्रीचं एकही जेवण धड झालं नव्हतं. तिचा बाप बळीराम पानावर बसला की विचारायचा, "मंग, काय ठरवलं?" ललिता म्हणायची, "ठरलं तेच ठरलं." मग तिची आई गिरजाबाई मधेच वरण वाढायला घ्यायची, कोणाला हवं असो की नसो.

बळीराम पोलादाच्या प्लांटात, रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचा. भंडाऱ्याकडून भिलाईत आला तेव्हा तो सातवी नापास होता. वर टांगलेल्या केबिनमध्ये बसून, खाली लालबुंद लोखंड सरकताना पाहत त्याने वीस वर्षं काढली होती. ललिताला इंजिनियरिंगची सीट मिळाली तेव्हा विहारात तिचा सत्कार झाला होता. सेक्टरातल्या त्यांच्या समाजातली पहिलीच पोरगी. बळीराम त्या दिवशी नुसता सगळ्यांच्या पाया पडत फिरला होता.

आणि दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत ती पोरगी उठून चालती झाली.

झालं ते असं. सरांनी एक सर्किट दाखवून प्रश्न विचारला. ललिताला अर्धं उत्तर येत होतं, अर्धं नव्हतं. येत होतं तेवढं तिने सांगितलं. सरांनी शेजारी बसलेल्या परीक्षकाकडे पाहिलं आणि हसत म्हणाले, "सीट तो मुफ्त में मिल गई, अब नंबर भी मुफ्त में चाहिए." परीक्षकही हसला. मागे रांगेत उभी असलेली मुलंही हसली. ललिताने फाईल टेबलावर ठेवली, हॉस्टेलवर आली, ट्रंक भरली आणि संध्याकाळची गाडी पकडली. प्रॅक्टिकलला हा माणूस मुलींना मशीनला हात लावू द्यायचा नाही, नुसती रीडिंग लिहून घ्यायला लावायचा. आणि वर उत्तरं येत नाहीत म्हणून हसायचा. अशा ठिकाणी आपल्याला काय शिकायचंय? जे शिकायचं ते आपलं आपण शिकू, असं तिने गाडीतच ठरवलं.

आणि ती शिकलीसुद्धा. भिलाईजवळ हथखोजला आनंदराव म्हणून एका विदर्भातल्याच माणसाचा फॅब्रिकेशनचा कारखाना होता. प्लांटला माल पुरवायचा. त्यांनी हौसेने कॉम्प्युटर आणून ठेवला होता आणि तो चालवणारं कोणी नव्हतं. कारखान्यात एसी असलेली ती एकच खोली, आणि तिच्यात चपला बाहेर काढून जायचं. ललिता तिथे टायपिस्ट म्हणून लागली. सायकलने पॉवर हाऊसच्या चौकापर्यंत, तिथून टेंपोने. जेवणाच्या सुट्टीत ती कॉम्प्युटरवरचं प्लास्टिकचं कव्हर काढी आणि सोबत आलेलं जाडजूड इंग्रजी मॅन्युअल उघडून बसे. आधी नुसती रडकुंडीला आली. मग हळूहळू मशीन ऐकायला लागलं. उन्हाळ्यापर्यंत स्टोअरचा सगळा हिशोब तिने लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालायला लागला होता.

घरी ती हे सांगायची तेव्हा बळीराम मान हलवायचा.

"आईक," तो एकदा म्हणाला, "त्यायचं पोट्टं कॉलेज सोडून शिकलं, तं लोक म्हणतात डोकं आहे त्याले. आपलं पोट्टं शिकलं, तं म्हणतात मिस्त्री आहे. आपल्याले कागद लागते."

"तुमचा जमाना गेला, बाबा. मशीन जात नाई विचारत."

"मशीनचा मालक विचारते ना," बळीराम म्हणाला. ललिता ताटावरून उठून गेली.

मे महिन्यात शिरीष आला. आनंदरावांचा भाचा, नागपूरहून नुकताच बी.ई. झालेला. आनंदरावांनी त्याला कॉम्प्युटरच्या खोलीत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि ललिताला म्हणाले, "बेटा, हा आता कॉम्प्युटर सेक्शन बघेल. याला सगळं समजावून दे."

ललिता उभीच होती. "मग मी काय बघू?"

"तू आहेसच की. काम तूच करतेस, मी नाही म्हणतो का? पण प्लांटचे साहेब लोक येतात, विचारतात कॉम्प्युटर कोणाकडे आहे. त्यांना काय सांगू, बारावी पास टायपिस्टकडे?" आनंदराव हे अगदी मायेने बोलले. "तुझी डिग्री असती तर गोष्ट वेगळी होती."

ते गेल्यावर शिरीष ओशाळून म्हणाला, "ताई, मला खरंच यातलं काही येत नाही. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर काचेतून दाखवायचे."

त्याचा राग करावा तर पोरगा सरळ होता. त्यामुळे तिचा राग आणखीच भडकला. दिवसभर तिने त्याला शिकवलं. एक शब्द चढवून बोलली नाही. घरी पोचल्यावर मात्र सायकल अंगणात भिंतीवर अशी लोटली की गिरजाबाई बाहेर धावत आली.

बळीराम दुपारची झोप काढून उठला होता. त्याची नाईट होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. 'मी म्हटलं नव्हतं का' असं तो म्हणाला नाही. म्हणाला, "मंग जा ना वापस कॉलेजात. मी बोलून आलो आहे."

ललिता चप्पल काढत होती, तशीच वाकून थांबली. "कोनाशी बोलून आले?"

"तुह्या सरशी."

"कवा?"

"मागच्या महिन्यात. प्लांटात सुट्टी टाकून गेलो होतो."

"काय म्हणलं तुमी त्याले?"

बळीराम गिरजाबाईकडे पाहायला लागला. गिरजाबाई खाली पाहत होती. म्हणजे तिलाही माहीत होतं. "म्हणलं, पोरगी लहान आहे, चुकली. मोठ्या मनानं माफ करा."

"चुकली? काय चुकलं माह्यं?"

"तुह्यं काईच नाई चुकलं. मले माईत आहे."

"मंग माफी कावून मांगली?"

"हात जोडल्यानं माह्ये हात झिजले नाई."

"बसा म्हणलं का त्यानं तुमाले?" ललिताने विचारलं. "सांगा ना. बसून बोलले का उभ्यानं?"

"गर्दी होती," बळीराम म्हणाला.

त्या दोन शब्दांनी तिला सगळं दिसलं. दारापाशी उभा असलेला बाप, इस्त्रीचा पांढरा शर्ट, जोडलेले हात, आणि समोर तो माणूस, तसाच हसणारा. "तुमी माह्या नावानं वाकून आले," ती म्हणाली. "मी तिथून ताठ मानेनं उठून आली होती, बाबा. तेवढंच होतं माह्यापाशी. तेही तुमी त्याच्या पायावर नेऊन ठेवलं."

आता बळीरामही उठला. असा तो क्वचितच बोलत असे. "माह्या बापानं गावात जिंदगीभर वाकून काढली. मी इथं आलो, मले वाकावं लागलं नाई. एवढ्या वर्षांत एक डाव वाकलो, तुह्यासाठी. आता तू घरी बसली, तं माह्यं ते वाकनंबी फुकट गेलं. तुह्या रागाचं काय लोनचं घालू मी?"

तो डबा न घेताच ड्यूटीवर गेला. दोन-तीन दिवसांनी सकाळी ललिता म्हणाली, "कॉलेजात जाऊन येते." गिरजाबाईला वाटलं पोरगी वळली. तिने घाईघाईने पोळ्या लाटून दिल्या. पण ललिता नाव घालायला निघाली नव्हती. बापाची माफी परत घ्यायला निघाली होती. गाडीत पाच तास ती हिंदीत वाक्यं जुळवत बसली. एकाहून एक जळजळीत.

कॉलेजात पोचल्यावर तिने आधी ऑफिसात विचारलं, ते नुसतं बापाला सरांकडे जाणं खरंच भाग होतं का, याची खात्री करायला. परत यायचं असेल तर काय काय लागतं?

"फीस भरो, साल रिपीट करो," खिडकीतला बाबू म्हणाला. "दो साल तक नाम चलता है."

"सर की परमिशन?"

"सर का इसमें क्या काम?"

म्हणजे बापाने हात जोडले नसते तरी चाललं असतं. हे सरांना माहीत नव्हतं असं थोडंच होतं. तरी त्यांनी बळीरामला उभं ठेवलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि एका शब्दाने सांगितलं नाही की बाबा रे, खिडकीवर जा, माझ्याकडे काही नाही. ललिता तशीच जिना चढून सरांच्या केबिनमध्ये शिरली.

सर पेपर तपासत चहा पीत होते.

"मेरे पिताजी आपसे माफी माँगने आए थे," ती म्हणाली. "वो माफी मैं वापस लेने आई हूँ."

सरांनी वर पाहिलं. "कौन पिताजी?"

"भिलाई से आए थे. पिछले महीने."

ते खरोखरच आठवायला लागले. ढोंग नव्हतं, तिने त्यांचा चेहरा नीट निरखून पाहिला. "देखो, यहाँ रोज किसी न किसी का बाप आता है. तुम कौन-से ईयर में हो?"

तिने तोंडी परीक्षेचं सांगितलं. सीटचं सांगितलं. ते काय बोलले होते ते शब्दाला शब्द सांगितलं. सरांनी खांदे उडवले. "वाइवा में तो मैं सबको कुछ न कुछ बोलता हूँ. दिल पे लोगी तो पढ़ोगी कैसे? काम क्या है, वो बोलो."

गाडीत जुळवलेलं एकही वाक्य आता कामाचं उरलं नव्हतं. त्या प्रत्येक वाक्याला समोरच्याला आठवत असणं गरजेचं होतं. आठ महिने ती या माणसावर जळत होती, झोपेत त्याच्याशी भांडत होती. आणि त्याच्या लेखी ती नव्हती, तिचा बाप नव्हता, काही घडलंच नव्हतं. तिची खुर्ची वर्गात रिकामी राहिली हेसुद्धा त्याला कळलं नव्हतं.

टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. रिकाम्या. ललिताने एक ओढली आणि बसली.

"बैठने को किसने कहा?"

"किसी ने नहीं," ललिता म्हणाली. ती मिनिटभर तशीच बसून राहिली, त्यांच्या तोंडाकडे पाहत. मग उठली. "मेरे पिताजी को भी किसी ने नहीं कहा था. मैं जुलाई से आ रही हूँ."

"बाहर जाओ," सर म्हणाले. पण ती आधीच दारात होती. खाली येऊन तिने खिडकीवर नाव घातलं. सही इतकी वेडीवाकडी झाली की बाबूने तिला ती दोनदा करायला लावली.

परतीच्या गाडीत तिला बरं वाटलं नाही. जिंकल्यासारखं तर मुळीच नाही. शिकायचं तर मशीन कुठेही शिकता येतं, हे तिला पुरतं कळलं होतं. त्यासाठी कॉलेज लागत नाही. पण आपण उठून आलो की खुर्ची तेवढी त्यांची होते, आणि त्यांना त्याची खबरही लागत नाही. कॉलेजातही आणि हथखोजलाही. त्यांना फुकटात खुर्ची द्यायची नाही, एवढ्याच कारणासाठी ती परत जाणार होती. हे कारण चांगलं नव्हतं हे तिला समजत होतं. पण दुसरं तिच्यापाशी नव्हतं.

घरी बळीराम सकाळच्या पाळीहून येऊन बसला होता. तिने त्याच्यापासून काही लपवलं नाही. खिडकीवरचा बाबू, न लागणारी परवानगी, सगळं सांगितलं.

"त्याले मी याद नाई?" बळीरामने विचारलं.

"नाई."

"जाच्या आधी मी दोन रात्री झोपलो नव्हतो," तो म्हणाला. "काय बोलाचं, कसं बोलाचं. तुह्या मायले इचार." गिरजाबाईने मान हलवली. बळीरामने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग एकदम म्हणाला, "नाव काय त्याचं?"

"तुमाले माईत नाई?"

"मी सर सरच म्हणत होतो."

ललिताने नाव सांगितलं. बळीरामने ते एकदा आपल्याशी म्हणून पाहिलं, नुसतंच नाव, पुढे-मागे काही न लावता. त्याचा चेहरा रागाने काळवंडला होता. बापाला असं रागावलेलं ललिता पहिल्यांदाच पाहत होती. आजवर तो चिडायचा तो तिच्यावर, गिरजाबाईवर, फार तर क्रेनवर. "तू जा," तो म्हणाला. "आता मले कोनी म्हणलं का पोरगी घरी आन, तरी मी आननार नाई."

जूनच्या शेवटी ती हथखोजला निरोप घ्यायला गेली. आनंदराव म्हणाले, "असं मधेच सोडून जातेस? शिरीषला अजून सगळं जमत नाही."

"डिग्री आहे ना त्यायच्यापाशी," ललिता म्हणाली. शिरीषला मात्र तिने मॅन्युअलमधली कुठली कुठली पानं आधी वाचायची ते सांगितलं. त्याने लिहून घेतलं.

पुढची तीन वर्षं काही सुखाची गेली नाहीत. कॉलेजात कॉम्प्युटर होता, पण तो कुलपात. तो उघडावा म्हणून ती प्राचार्यांकडे इतक्या वेळा गेली की शिपाई तिला दुरून पाहताच 'साहब नहीं हैं' म्हणायचा. शेवटी संध्याकाळी उघडायला लागले. तिच्याबरोबर आणखी चार-पाच जण येऊन बसायला लागले. त्या सरांनी आपल्या विषयात तिला जेमतेम पास होण्यापुरते मार्क दिले. तिने पेपर परत तपासायला लावला. दोन मार्क वाढले. त्या दोन मार्कांनी काही फरक पडत नव्हता. तरी त्यासाठी तिने खिडकीवर एक अख्खी दुपार घालवली, आणि बाबूने सही मागितली तेव्हा ती एकदाच केली.