गुणवंतरावांच्या जीपचा पाचवा नट

ब्रह्मपुरीच्या अलीकडच्या त्या गावात दसऱ्याचं सोनं लुटायला निघायचं तर गुणवंतरावांच्या जीपमागेच, असा रिवाज होता. जीप जुनी विलीज, आलापल्लीच्या लिलावातून आणलेली. इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा तिचा बिडाचा मॅनिफोल्ड तडकला होता, त्यामुळे ती बंदुकीचे बार काढल्यागत चाले. गेल्या दसऱ्याला त्या आवाजाने एक बैलजोडी बिथरली आणि उभ्या धानातून गावाची शीव ओलांडून गेली. शास्त्राप्रमाणे पहिलं सीमोल्लंघन बैलांचंच झालं.

म्हणून यंदा नवी पांढरी गाडी घेतलेला दिनेश पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, जीप चूप असन तं पुढं तुमी. नाई तं यंदा माही गाडी."

"चूप म्हणजे किती चूप?"

"बैलाले आयकू नाई आली पायजे."

"मंजूर," गुणवंतराव म्हणाले. त्यांनी आयुष्यात कोणतंच आव्हान नाकारलं नव्हतं. जीपमागे गाव चालतं, एवढा एकच मान त्यांच्याकडे उरला होता, आणि तो पांढऱ्या गाडीला देण्याचा त्यांचा विचार नव्हता.

अष्टमीला त्यांनी बॉनेट उघडलं. बदली मॅनिफोल्ड ब्रह्मपुरीहून येऊन ओसरीवर बसला होता. जुना काढायचा, हा लावायचा. मधे फक्त पाच नट. चार सुटले. पाचवा, सगळ्यांत मागचा, असा बसला होता की जणू ती जागा सातबाऱ्यावर त्याच्याच नावाची. गुणवंतरावांनी त्याला घासलेट पाजलं, हातोडी दाखवली, पान्याला पाइप लावून रेटलं. पाना सटकला, कोपर सोललं. आणखी जोर लावला तर स्टड तुटून इंजिनातच राहणार आणि जीपचा पुढचा दसराही चुकणार, एवढं त्यांना कळत होतं.

"उद्या याचा बाप सुटन," ते बायकोला म्हणाले.

उद्या नवमी होती. सकाळी बघतात तो सगळे पाने, पकड, हातोडी धुऊनपुसून विळ्या-कुऱ्हाडीशेजारी पाटावर, वर हळदकुंकू आणि झेंडू.

"चंदे, तो पाना दे जरा."

"आज खांडेनवमी हाय. हत्यार उचलत नाईत," चंदाबाई म्हणाल्या. "उद्या पूजा हालवली का उचला."

"अवं, एकच नट हाय."

"देवीले सांगा."

देवीला सांगण्यात अर्थ नव्हता. ती चंदाबाईंच्याच बाजूची होती.

गुणवंतराव नुसतेच जीपमध्ये जाऊन बसले. मग चार नट हातानेच अडकवून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन काही हत्यारात मोडत नाही. असे बार उडाले की चार-दोन घरांतून लोक टोप्या घालून बाहेर आले, आज नवमीच आहे अशी एकमेकांकडून खात्री करून आत गेले. इंजिन चांगलं तापल्यावर बंद करून गुणवंतरावांनी फळीवरचं मोहोळाचं मेण आणलं आणि पाचव्या नटाला टेकवलं. ते वितळून आट्यांत उतरलं. कालपर्यंत मार खाणारा नट मेण मुकाट्यानं पीत होता.

"ते माह्या टाचंच्या भेगाइचं मेण हाय," चंदाबाई म्हणाल्या.

"मेण हत्यार नोय," गुणवंतराव म्हणाले आणि सांजेला पुन्हा एकदा नटाची पंगत उठवली.

दसऱ्याच्या सकाळी पूजा हलली. चंदाबाईंनी कुंकवासकट पाना हाती दिला. गुणवंतरावांनी बंपरला पाय रोवून सगळा जीव लावला, आणि नट इतक्या सहज फिरला की ते मागे शेणाच्या टोपलीत बसले.

"म्या म्हणलंच होतं, याले आराम पायजे," ते बसल्याजागी म्हणाले.

"कवा म्हणलं?"

"मनात."

दुपारपर्यंत बदली मॅनिफोल्ड बसला. जीप सुरू झाली ती मांजर घुरघुरल्यागत.

दिवस कलता कलता गुणवंतराव फेटा बांधून निघाले. शेजारी चंदाबाई.

"मागं तं पाहा जरा."

"सीमोल्लंघनाले मागं पाह्यत नाईत."

शिवेबाहेर आपट्याच्या झाडाखाली त्यांनी जीप थांबवली आणि आता मात्र पाहिलं. मागे एक बकरी होती. तीही आपल्या कामानं आलेली.

"गाव बार आयकून निंगते," चंदाबाई म्हणाल्या. "आज बार कुठी झाला? नवे कपडे घालून बसले असतीन सारे ओट्यावर."

गुणवंतराव खाली उतरले आणि त्यांनी आपटा तोडायला घेतला.

बऱ्याच वेळानं हॉर्न वाजवत पांढरी गाडी आली, मागे सगळं गाव. जीपचा बार नाही म्हणजे काकांचा पाचवा नट अजून सुटला नाही, अशी दिनेशची समजूत झाली होती. तो ऐटीत उतरला आणि झाडाखालची जीप बघून तिथंच थांबला.

"काका, तुमी कवा निंगले?"

गुणवंतरावांनी त्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली. "घे सोनं. बैलाचं सोड बाबू, तुलेबी आयकू नाई आलं."