सांगणार: अजित रणखांबे

मार्गासनीच्या वाचनालयाचा फळा म्हणजे गावातलं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक. आतली कपाटं उघडायला कुणाला सवड नसते, पण वेल्ह्याच्या एसटीची वाट बघता बघता फळा सगळेच वाचतात. पुढचे कार्यक्रम त्यावर संजीवनी लिहायची. ती इथली ग्रंथपाल. इथं ग्रंथपाल म्हणजे कुलूप उघडणारी, पुस्तकं देणारी आणि ती परत न करणाऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहणारी, सगळं तीच. अक्षर मात्र देखणं. पंचायतीतले लोकसुद्धा नोटीस लिहायची झाली की खडू घेऊन तिच्याकडे यायचे.

मे महिना उतरणीला लागला होता. फळा कितीतरी दिवस कोराच होता. कमिटीचे अध्यक्ष आनंदराव म्हणाले होते, तुला जमेल तेव्हा लिही. त्या दिवशी तिला जमलं. म्हणजे जमलं की नाही हे तिला ठाऊक नाही, पण ओलं फडकं हातात होतं, फळा समोर होता. तिने तो पुसला आणि लिहायला घेतलं. गुरुवारी मोठ्यांसाठी: मोबाईलवर सातबारा कसा काढायचा. शनिवारी महिलांसाठी: शिवणकामाच्या आणि स्वयंपाकाच्या पुस्तकांची अदलाबदल. रविवारी सकाळी मुलांसाठी: गोष्टी. सांगणार: अजित रणखांबे. मग हाताचा खडू झटकला, मोबाईलवर फोटो काढला, वाचनालयाच्या ग्रुपवर टाकला आणि घरी जाऊन भात लावला.

अजित रणखांबे हा तिचा नवरा. तो माघात वारला होता.

तो एसटीत कंडक्टर होता, भोर डेपोला. आठवडाभर लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणून ओरडायचं आणि रविवारी वाचनालयात पोरांना गोष्टी सांगायच्या, हा त्याचा शिरस्ता. गोष्टीतला राजासुद्धा सुट्टे पैसे नसले की त्याच्या तावडीतून सुटायचा नाही. पोरं त्याला कंडक्टरकाका म्हणायची. एके दिवशी सकाळी ड्युटीवर जायला निघाला, खाकी शर्टाची एक बाही चढवली आणि जरा बसतो म्हणून कॉटवर बसला. बसला तो उठलाच नाही. संजीवनी आत डबा भरत होती.

तेव्हापासून ती रडली नव्हती. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, सगळे रडले, ही पाणी वाटत फिरली. सासू कोंडाबाई म्हणायच्या, "संजू, रड गं माझे बाई. म्हातारी असून म्या रडती अन् तू दगडावानी बसतीस." संजीवनी बरं म्हणायची. भाजीत दोनदा मीठ पडायचं, कधी पडायचंच नाही. दोघी तसंच जेवायच्या. दुःख होतंय असंही तिला वाटत नव्हतं. दंतवैद्याने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिला सगळंच आपलं वाटेनासं झालं होतं.

आणि एक गोष्ट तिने अजून केली नव्हती. तो गेला, हे तिने स्वतःच्या तोंडाने कुणालाही सांगितलं नव्हतं. तशी वेळच आली नाही. डेपोत दीर प्रशिक बोलला. बँकेत प्रशिकच बोलला. रेशनच्या दुकानात कुणा पाहुण्याने "मालक काय म्हणत्यात?" असं विचारलं तर शेजारची रत्ना मधे पडून हळूच सांगायची. संजीवनी आपली पिशवीकडे बघत उभी. लोकांना वाटायचं, बिचारीला बोलवत नाही. बोलवत होतं की. पण आपण बोललो की ते खरं होईल, ही एवढी एक भीती तिच्यात अजून जिवंत होती. ती तिने कुणाला दाखवली नाही.

तर फळ्याचा फोटो ग्रुपवर गेला आणि पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागली. ज्याने त्याने हात जोडले. सातबाऱ्याच्या कार्यक्रमाला एवढे हात कशाला, असं तिच्या मनात यायला हवं होतं. आलं नाही. फळ्याचं तोंड रस्त्याकडे, तिची ये-जा बाजूच्या दाराने. एकदा लिहिलं की त्याच्याशी तिचा संबंध संपला.

गावाला मात्र दुसरं काम उरलं नाही. कुणी म्हणालं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. कुणी म्हणालं, त्याचा आवाज मोबाईलवर भरून ठेवला असेल, तो ऐकवणार. एरवी दुसऱ्याच्या घरातलं सगळं तोंडावर विचारणारी माणसं, पण या बाबतीत सगळ्यांनी मूग गिळले. रत्ना एकदा फडकं घेऊन फळ्यापाशी गेली आणि तशीच परत आली. बायकोच्या हातचं नवऱ्याचं नाव आपण कसं पुसायचं? शेवटी आनंदरावांनी चष्मा लावून फळा दोनदा वाचला आणि निकाल दिला: हा स्मृतिदिनासारखा कार्यक्रम आहे, पोरांच्या निमित्ताने. गोष्टी सांगणाऱ्याच्या आठवणी. ताईला तसं लिहवलं नसेल एवढंच. हे ऐकून गावाचा जीव भांड्यात पडला. आता काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पांढरे कपडे घालायचे, फुलं न्यायची आणि गप्प बसायचं.

रविवारी संजीवनी बाजूच्या दाराने आत आली, पुढचं दार उघडलं आणि बघते तर व्हरांड्यात चपलांचा ढीग. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आत येऊन बसायला लागली. लग्नसराईत कुणाकडे काय झालं, एवढंच तिला वाटलं. सतरंजी कमी पडणार म्हणून ती दुसरी आणायला वळली, तशी रत्नाने तिचा हात धरला.

"ताई, फळा बगितला का?"

"मीच लिहिलाय."

"व्हय. पर एकदा बगा."

ती बाहेर गेली. तिने वाचलं. नाव ठळक होतं, रणखांब्यांचा 'ण' जरा मोठाच आलेला. तिला लाज वाटली नाही की हुंदका आला नाही. खडू ओला होता वाटतं लिहिताना, असं मनात आलं, आणि ती आत येऊन कपाटाला टेकून उभी राहिली. आता पुसून काय उपयोग होता? सगळं गाव बसलं होतं.

मुलांच्या गोष्टीसाठी ठेवायची ती खुर्ची पुढं होती. तिच्यावर कुणीतरी झेंडूची माळ घातली होती. आनंदराव खुर्चीच्या बाजूला उभे राहिले. आनंदरावांचं दोन शब्दांचं भाषण सगळ्या पंचक्रोशीला पाठ होतं. माणूस बदलला की ते फक्त नाव बदलायचे. "कैलासवासी," ते म्हणाले, मग रणखांबे बौद्ध आहेत हे ध्यानात येऊन खाकरले, "कालकथित अजितराव म्हणजे एक हसतमुख व्यक्तिमत्त्व." संजीवनी ऐकत होती. शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तसं ते तिच्या कानावर पडत होतं. कोण हा हसतमुख? अजित झोपेतून उठला की तासभर कुणाशी बोलायचा नाही.

भाषण ऐन रंगात आलं होतं आणि दारातून एक म्हातारा वाकून आत आला. इथल्याच पाली गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात धनगरवाडी आहे, तिथला ज्ञानोबा. खांद्यावर घोंगडी, सोबत नात सोनिया आणि तिच्याहून लहान दोन नातवंडं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन हे कुटुंब कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी माघारी यायचं. पावसाळ्यात पोरं रविवारच्या गोष्टींना न चुकता असायची. आठवड्यापूर्वीच सगळी परतली होती. ज्ञानोबाच्या मुलाच्या मोबाईलवर कुणाकडून तरी फळ्याचा फोटो फिरत आला, पोरीने फळा वाचला आणि आजोबाच्या मागे लागली. डोंगर उतरून, पालीत टेम्पो गाठून ती इथं आली होती. कोकणात गेलेल्या या माणसांना अजितचं कळवावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ज्ञानोबाने पांढरे कपडे बघितले. त्याला ते विचित्र वाटलं असणार, पण पोरांना घेऊन तो सरळ पुढं गेला, त्यांना खुर्चीच्या समोर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकला. पांढऱ्या कपड्यांतल्या गर्दीत सोनियाचा हिरवा परकर तेवढा उठून दिसत होता. तिने खुर्चीकडे बघितलं, माळेकडे बघितलं.

"सत्कार हाये का कंडक्टरकाकाचा?" तिने आनंदरावांना विचारलं.

आनंदरावांचं भाषण तिथंच थांबलं. त्यांनी रत्नाकडे बघितलं. रत्नाने प्रशिककडे बघितलं. प्रशिक पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. इतके दिवस संजीवनीच्या वतीने बोलणारी सगळी माणसं त्या खोलीत हजर होती. मोठ्यांना सांगताना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती. डोंगर उतरून आलेल्या पोरीला सांगायला एकाचीही जीभ रेटेना.

"अजून आलं न्हाईत व्हय?" सोनिया म्हणाली. "ड्युटी हाये का?"

होय म्हणता आलं असतं. ड्युटी आहे, लांबची आहे, नंतर ये. संजीवनीला ते शब्द जिभेवर आल्याचं स्पष्ट कळलं. म्हटले असते तर सगळ्या खोलीने माना डोलावल्या असत्या आणि पोरगी पुढच्या रविवारी परत डोंगर उतरली असती. संजीवनी कपाटापासून सुटी झाली आणि पुढं आली.

"सोनिया," ती म्हणाली, "काका येणार नाहीत. ते वारले."

आवाज तिचाच होता. कुठं फुटला नाही. भिंतीशी ज्ञानोबाने मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि "अरारा" एवढंच म्हणाला.

"कवा?" सोनियाने विचारलं.

"माघात. तुम्ही कोकणात होता."

पोरीने थोडा विचार केला. लहान पोरांना मेलेलं काय ते कळतं. मेंढरांमागे फिरणाऱ्या पोरांना जरा जास्तच. तिने तोंड वाकडं केलं नाही. पण तिचा हिशेब लागत नव्हता.

"मग फळ्यावर त्यांचं नाव कुनी लिवलं?"

"मी."

"तुमास्नी तर ठावं व्हतं."

कोंडाबाईंच्या तोंडून हुंदका निघाला आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला. आनंदराव घाईने म्हणाले, "बाळ, ते चुकून झालं. ताईंचं लक्ष नव्हतं." रत्नानेही मान हलवली. चुकून झालं, सगळी खोली म्हणायला लागली, चुकून झालं. सुटायची वाट चांगली रुंद होती.

"चुकून नाही," संजीवनी म्हणाली. हे तिला तिथंच, बोलता बोलता कळत होतं. "मला वाटत होतं, येतील. रविवार आहे, मुलं येतील, तर तेही येतील. म्हणून लिहिलं."

डोक्यावर परिणाम झालाय असं ज्यांना वाटलं होतं, त्यांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. सोनियाला मात्र यात वेडं काही दिसलं नाही. तिने मान डोलावली.

"मला बी तसंच वाटलं," ती म्हणाली. "येताना, वाटंनं."

मग ती दोन्ही भावंडांना ढकलत बाजूला सरकली आणि सतरंजीवर एका माणसापुरती जागा केली. संजीवनी बसली. आनंदरावांनी दोन शब्द पुरे केले नाहीत, असं गावात पहिल्यांदाच घडलं. लाइट गेली होती, पंखा बंद होता. खोलीत भयंकर उकडतंय, सतरंजी पायाला टोचतेय, सोनियाच्या अंगाला मेंढरांचा वास येतोय आणि अजित आता कधीच येणार नाही, हे सगळं संजीवनीला एकदमच कळलं. ती पोरीच्या शेजारी बसून मोठ्याने रडायला लागली.